तिसरा शब्द

हौसाक्काच्या तोंडाला लगाम घालील असा माणूस कागल तालुक्यात जन्माला आला नव्हता, म्हणून शेवटी यंत्र आणावं लागलं. तेही लगाम म्हणून नव्हे, औषध म्हणून आणलं. लुटारूसुद्धा हल्ली 'कसं वाटतंय आजी' असं विचारूनच उंबरा ओलांडतात.

हौसाक्का म्हणजे हौसाबाई चौगुले. वय अडुसष्ट, शिक्षण दुसरी, आणि तेही मास्तरांनी उगारलेली छडी हिनं हिसकावून घेतली तिथं संपलेलं. लग्न, बारसं, वास्तुशांत, जत्रा, कुठंही पाचशे पानांच्या वर जेवण निघालं की हौसाक्काच्या बायकांना बोलावणं जायचं. गावातले ट्रॅक्टर आता माणसावाचून शेताला जाऊन येत होते, भाकरी थापायची यंत्रं भाड्यानं मिळत होती. पण मसाल्याचा कच्चा वास नेमका कधी गेला हे सांगणारं नाक अजून कुणी बाजारात आणलं नव्हतं.

तिच्या स्वयंपाकात कागदाचा कपटा नसे. मधोमध उभी राहून ती एका दमात आठ भट्ट्या हाकायची. सुमे तू डाळ घोट, मालन तुझा कांदा करपायला लागलाय तो उतरव आणि मग जांभया दे, तेजू नारळ वाट पण पाणी बेतानं, आणि त्या वाढप्यांना सांगा पानात मीठ आधी, भात मग. सगळं एकच वाक्य. आठ बायका त्यातला आपापला तुकडा उचलायच्या आणि कुणाची कुणाला धडक व्हायची नाही.

भट्टीवरून आमटीचं पातेलं उतरवायची तिची रीत तर तालुक्यात ठाऊक होती. पातेल्याला चार कड्या. दोन वेळूचे दांडे त्या कड्यांतून घालायचे आणि चार बायकांनी चार टोकं खांद्यावर घ्यायची. वाफेनं त्या चौघींना काही दिसत नसे. तोंडाला पदर, डोळे मिटलेले. दिसायचं फक्त समोर उभ्या असलेल्या हौसाक्काला. म्हणून शब्द तिचा. ती तीनच गोष्टी म्हणायची: भट्टी बंद. दांडं घाला. उचला. तिसरा शब्द पडेपर्यंत कुणी पाऊलसुद्धा हलवायचं नाही. कधी दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दात क्षणभराचं अंतर असे, कधी हौसाक्का काहीतरी बघून चांगले पाच-सात श्वास गप्प राही. तेवढा वेळ चौघी खांबासारख्या उभ्या. तिचं गप्प राहणं हाही हुकूमच असायचा. चाळीस वर्षांत त्या रीतीनं कुणाच्या अंगावर पळीभर आमटी सांडली नव्हती.

दिवाळी झाली आणि एका सकाळी दात घासता घासता हौसाक्काचा उजवा हात सुन्न पडला. हात आठवड्यात परत आला. बोलणं आलं नाही. म्हणजे आवाज होता, शब्द होते, समोरच्याचं सगळं कळत होतं, भांडायची इच्छाही होती. पण 'सुमे, डाळ' म्हणेपर्यंत 'घोट' कुठंतरी सांडून जायचं. दोन शब्दांच्या पुढं वाक्य टिकेना. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांची बोलणी खोडली, तिच्या तोंडातलं वाक्य लोक पुरं करायला लागले. पाणी हवंय का? औषध? टीव्ही लावू? तिला सांगायचं असायचं की मेल्यांनो, जरा धीर धरा. पण तेवढंही चार शब्दांचं होतं.

मुलगा दिग्विजय तिला कोल्हापूरला घेऊन गेला. तिथं एका कंपनीचं नवं केंद्र निघालं होतं आणि त्यात नेत्रा मॅडम म्हणून वाचातज्ज्ञ होत्या. पोरगी हुशार, हे हौसाक्कानंही कबूल केलं. तिनं समजावलं ते दुसरी शिकलेल्या बाईलाही कळलं.

बोलायच्या आधी माणूस डोक्यात शब्दांची ओळ लावतो, नेत्रा म्हणाली. पहिला शब्द तोंडातून बाहेर पडत असतो तेव्हा पुढचे तीन-चार मागं थांबलेले असतात. त्या थांबण्याच्या जागेला फार दम नाही. जेमतेम दोन सेकंद. तेवढ्यात शब्द बाहेर पडला नाही तर पुसला जातो, म्हणून आपण मनातल्या मनात तो पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. कुणी फोन नंबर सांगितला आणि तेवढ्यात दुसऱ्यानं हाक मारली की नंबर जातो, तो तिथूनच जातो. आजींची अक्कल शाबूत आहे, शब्दांचं भांडार शाबूत आहे, फक्त ही थांबायची जागा आखडली आहे. चार माणसांची ओसरी होती, आता दीड माणसाची राहिली.

यंत्र म्हणजे कानामागं चिकटवायची करंगळीएवढी पट्टी आणि गळ्याला लावायचं टिकलीएवढं बटण. शब्द मनात म्हणतानासुद्धा गळ्याचे स्नायू किंचित हलतात, ते बटण ओळखतं. पट्टी तो शब्द धरून ठेवते आणि वेळ आली की कानामागच्या हाडातून, हौसाक्काच्याच आवाजात, कुजबुजते. जिभेला मनातल्या आवाजामागं जायची जन्माची सवय. ती ओळीतला पुढचा शब्द उचलते. तो तिथं कुणी ठेवला हे जीभ विचारत नाही.

हे शेवटचं वाक्य नेत्रा मॅडम मोठ्या कौतुकानं बोलल्या होत्या. हौसाक्कानं ते ऐकलं होतं. ध्यानात मात्र पुढं आलं.

पट्टीचं नाव 'सुबोल'. पहिल्याच दिवशी घरी येताना हौसाक्कानं रिक्षावाल्याला एका दमात त्याच्या रस्त्यावरून, त्याच्या भाड्यावरून आणि त्याच्या केसांवरून ऐकवलं आणि दिग्विजयच्या डोळ्यांत पाणी आलं. संक्रांतीपर्यंत ती पुन्हा आठ भट्ट्यांच्या मधोमध उभी राहिली.

मार्चात काहीतरी बदललं. काय ते तिला सांगता येईना. एखादं वाक्य सुरू करून ती मध्येच थांबली, शब्द शोधायला किंवा नुसती समोरच्याची जिरवायला, की शेपूट आपोआप लागायचं. आणि ते शेपूट गोड असायचं. भाजीवाल्याला 'ही काय वांगी आणलीस' एवढं म्हणून ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, तर तिचंच तोंड पुढं म्हणालं, 'छान आहेत रे.' भाजीवाला दिवसभर घाबरून होता.

त्यातच आमटीचं झालं. सून तेजस्विनी बारा वर्षं तिच्या हाताखाली होती. सासूला ती आत्ती म्हणायची आणि बारा वर्षांत त्या आत्तीच्या तोंडून तिच्या हाताबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता. पाडव्याला तिनं येळवण्याची, म्हणजे पुरणाच्या कटाची, आमटी केली. हौसाक्कानं भुरका मारला आणि म्हणाली, 'तेजू, तुझ्या हातची आमटी...' पुढं काय म्हणायचं होतं ते तिचं तिलाही ठरायचं होतं. आमटी पातळ होती, पण सणाचा दिवस होता. तेवढ्यात कानामागं तिचाच आवाज आला आणि जिभेनं तो उचलला: '...माझ्यापेक्षा सरस झालीय.'

तेजूच्या हातातली पळी तशीच राहिली. त्या संध्याकाळी तिनं माहेरी फोन केला आणि आईला ते वाक्य तीनदा सांगितलं. हौसाक्कानं भिंतीआडून तिन्ही वेळा ऐकलं. आपण हे म्हटलेलं नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं. तरी ती बोलली नाही. घरात पहिल्यांदा कुणी दार न आपटता वावरत होतं, दिग्विजय शीळ घालत होता, सून सकाळी न मागता पाय चेपायला बसत होती. उष्टं अन्न गोड लागलं म्हणून गिळलं. त्याबद्दल तिला पुढं यंत्रापेक्षा स्वतःचा राग जास्त आला.

जूनच्या सुरुवातीला शेजारच्या गावात वास्तुशांतीचं जेवण होतं. आठशे पानं. आमटीचं मोठं पातेलं तयार झालं. सुमन, मालन आणि आणखी एक पोरगी तीन टोकांना, मागच्या डाव्या टोकाला तेजू. हौसाक्का समोर उभी राहिली.

'भट्टी बंद,' ती म्हणाली. भट्टी बंद झाली.

'दांडं घाला.' दांडे कड्यांतून सरकले. वाफेतून हौसाक्काला दिसलं की तेजूकडच्या कडीत दांड्याचं नुसतं टोक अडकलंय, पुरता दांडा आरपार गेलेला नाही. ती थांबली. चाळीस वर्षं थांबत आली तशी थांबली. मनात तेव्हा शब्दच नव्हता, नुसती नजर होती. त्या कडीवर खिळलेली.

दीड सेकंद झाला. पट्टीनं बघितलं की ओळ रिकामी आहे. बाईचा शब्द सांडला असावा. 'भट्टी बंद, दांडं घाला' याच्या पुढं काय येतं हे तिनं याआधी कितीतरी वेळा ऐकलं होतं. तिनं ते कानामागं ठेवलं.

'उचला,' हौसाक्काचं तोंड म्हणालं.

चौघींनी उचललं. दांड्याचं टोक सटकलं आणि पातेलं तेजूच्या अंगावर कललं. तिनं मोकळी झालेली कडी पदरासकट हातानं धरली. उकळती आमटी तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत आणि डाव्या पायावर आली. ती किंचाळली, पण कडी हातात होती. बाकीच्या तिघींनी पातेलं जमिनीला टेकवेपर्यंत होती.

पुढचे तीन आठवडे गावाला बोलायला विषय मिळाला. सासूनं सुनेला भाजलं. स्वतःच्या तोंडानं हुकूम देऊन भाजलं. आठ बायकांनी ऐकलंय. आधी गोड बोलली, तेव्हाच आम्हाला शंका आली होती. हौसाक्का जिथं जाई तिथं बोलणं थांबायचं. एरवी तिनं एकेकीचं खानदान काढलं असतं. आता तिला स्वतःच्याच जिभेची धास्ती वाटायची, की चिडून तोंड उघडावं आणि बाहेर यावं 'बसा ना, चहा घ्या.'

तेजूला दवाखान्यातून घरी आणलं आणि तिसऱ्या दिवशी नेत्रा मॅडम आल्या. सोबत कंपनीचा कागद होता. तेजूच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून दिली, दिग्विजय दारात उभा राहिला, हौसाक्का भिंतीला टेकून खाली बसली.

नेत्रानं फार हळुवार सांगितलं. यंत्रातली नोंद तपासली आहे. 'उचला' हा शब्द आजींच्याच गळ्यातून, आजींच्याच आवाजात निघाला. यंत्र बोलत नाही, फक्त सुचवतं. स्वीकारायचं की नाही हे माणसाच्या हातात असतं. आजींनी एवढंच लिहून द्यायचं की शब्द माझा होता. मग सुनेचे पुढचे उपचार कंपनी बघेल, आणि पट्टीही आजींकडं राहील. नाहीतर चौकशी होईतो पट्टी जमा करावी लागेल.

हौसाक्कानं विचारलं, मार्चात काय केलं?

नेत्रा जरा चाचरली. मग म्हणाली की सुधारणा केली होती. आधी पट्टी फक्त धरलेले शब्द परत द्यायची. ओळ रिकामी असली की गप्प बसायची. पण तक्रारी येत होत्या.

'कुणाच्या?' हौसाक्कानं विचारलं. 'पट्टी लावणाऱ्यांच्या?'

'नाही आजी. घरच्यांच्या. समोरचा माणूस बोलता बोलता दीड सेकंदापेक्षा जास्त थांबला की ऐकणाऱ्याला अवघड होतं. म्हणून तेवढ्या वेळानंतर पट्टी वाक्य पुरं करते. नेहमी आपण जे म्हणता त्यावरून, आणि नाहीच सापडलं तर बहुतेक माणसं जे म्हणतात त्यावरून.'

हौसाक्काचा चेहरा लाल झाला. म्हणजे आजार हिला, आणि औषध ऐकणाऱ्यांना. यांना दीड सेकंद धीर धरवेना, म्हणून हिच्या कानात कुणाचेही शब्द भरले. म्हाताऱ्या माणसाचं तोंड म्हणजे काय गावचा पाणवठा आहे, की कुणीही यावं आणि आपली घागर लावावी? आणि वर कागद घेऊन यायचं, की पाणी तुमचंच. ती दिग्विजयकडं वळली आणि त्यानं मान खाली घातली. तक्रार करणाऱ्या घरच्यांत हाही होता, हे न बोलता कळलं.

तरी तो म्हणाला, 'आई, अंगठा दे ना. शब्द कुणाचा का असेना. पट्टी गेली तर तुझा स्वयंपाक गेला. तू घरात बसून राहशील आणि आम्हाला बघवणार नाही.'

'तुम्हाला बघवणार नाही म्हणून...' ती म्हणाली आणि रागानं क्षणभर थांबली. कानामागं लगेच तिचा आवाज कुजबुजला. जीभ उचलणार तोच तिनं दात आवळले. त्या आवाजाला म्हणायचं होतं, 'देते बाबा.'

तिनं कानामागं नखं घातली आणि पट्टी सोलून काढली. गळ्यावरचं बटण काढलं. दोन्ही नेत्रा मॅडमच्या कागदावर ठेवलं. कातडीवर लाल वळ राहिला.

मग हौसाक्कानं सुरुवात केली.

'उचला... माझं...' ती थांबली. ओठ हलत राहिले. दिग्विजयनं तोंड उघडलं, तिनं हाताचा पंजा त्याच्याकडं केला. '...न्हाई.'

नेत्रा मॅडमनी लिहून घेतलं. जसं म्हटलं तसंच लिहिलं, हेही सांगायला पाहिजे. वाईट नव्हती ती पोरगी. वाईट नसलेल्या माणसांकडूनच असली कामं जास्त नीट होतात.

तेव्हा खाटेवरून तेजू बोलली. तीन आठवडे ती याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. सासूवर तिनं आळ घेतला नव्हता आणि सासूची बाजूही घेतली नव्हती. तिनं छताकडं बघत विचारलं, 'मग आत्ती, पाडव्याचं? आमटीचं?'

हौसाक्काला ठाऊक होतं की हे येणार. एकाच तोंडातून दोन्ही निघालं होतं. गोड ते माझं आणि भाजलं ते यंत्राचं, असं म्हणायला ती काही कंपनी नव्हती. दिग्विजय तिच्याकडं हात जोडून बघत होता. एक 'हो' म्हण. एक शब्द तर आहे. तो सांडणार नाही.

'ते बी...' हौसाक्का म्हणाली. '...न्हाई.'

तेजूनं तोंड भिंतीकडं फिरवलं. उशीवर तिचे खांदे हलायला लागले. बारा वर्षांत मिळालेली एकच वस्तू, तीही चोरीची निघाली.

हौसाक्का उठली. गुडघ्यावर हात देत खाटेपाशी गेली आणि पायथ्याशी बसली. तेजूचा बँडेज बांधलेला पाय तिच्या मांडीपाशी होता.

'तुझी आमटी...' ती म्हणाली. शब्द गेला. तिनं डोळे मिटले. पुन्हा सुरुवात केली. 'आमटी... तुझी...' पुन्हा गेला. घाम फुटला. ज्या जिभेनं आठ भट्ट्या हाकल्या तिला एक शब्द हाडूक अडकल्यासारखा अडला होता. दिग्विजय पुटपुटला, 'बरी? चांगली?' हौसाक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

'...पातळ.'

भिंतीकडं तोंड केलेल्या तेजूच्या नाकातून हुंदका निघाला, आणि त्याच्या पाठोपाठ हसू. तिला आवरेना. 'अजूनबी?' ती म्हणाली.

'अजून... बी,' हौसाक्का म्हणाली. तिचा हात हवेत गेला, बोटं कशावर तरी मिटली, घट्ट, आणि तशीच राहिली. 'पण... तू... कडी...'

वेळ जात राहिला. बाहेर टेम्पो येऊन उभा राहिला आणि निघून गेला. नेत्रा मॅडम पुढं वाकल्या. त्यांचा धंदाच तो. मायेनं म्हणाल्या, 'कडी धरलीस, असं म्हणायचंय का आजी? की कडी निसटली...'

'मॅडम,' तेजू त्यांच्याकडं वळली, 'तुम्ही शब्द घालू नका. सगळे मिळून घातलेत तेवढे पुरे झाले. त्यांचं त्यांना बोलू दे. मला कुठं जायचं न्हाई.'

नेत्रा मॅडम मागं टेकल्या. खाटेवरची बाई वाट बघत राहिली. घाई नाही, मदत नाही, तोंडाकडं टक लावूनही नाही. नुसती ऐकत, जशी भट्टीपाशी डोळे मिटून ऐकायची.

'सोडली... न्हाईस,' हौसाक्का म्हणाली. श्वास घेतला. मूठ अजून मिटलेली होती. पुढचं वाक्य तिनं ओठांत दोनदा म्हणून बघितलं, सांडलं, गोळा केलं, पुन्हा पहिल्यापासून लावलं. गावात आणि चार कोसांच्या टापूत ज्या बाईनं कधी कुणापुढं मान तुकवली नव्हती तिला ते जड जात होतं, आणि त्यात मेंदूचा दोष थोडाच होता.

'मी... असते... तर,' ती म्हणाली, 'सोडली... असती.'